कोजोचा वाटा

ओल्या वाळूवर अनवाणी पावलांचा धप् धप् असा संथ नाद ऐकू आला की आजही माझी नजर आधी डाव्या गुडघ्याकडे जाते. मार्गशीर्षातली कोवळी उन्हे, ओहोटीने मागे सरलेला समुद्र आणि त्या दोहोंच्या मधून गुडघ्याला निळे फडके बांधून धावणारा, घामाने लखलखणारा तो उंच काळाभोर देह. कोजो माझ्या मनात असा पहिल्यांदा उमटला आणि तसाच राहिला.

घाना देशाच्या किनाऱ्यावरचा हा तरुण त्या ऐंशीच्या दशकात गोव्यातल्या एका मातबर फुटबॉल क्लबाने गोल करण्यासाठी आणला होता. परदेशी खेळाडूचे नशीब मोठे चमत्कारिक असते. गोल होतात तोवर तो सगळ्यांचा लाडका, आणि गोल आटले की एका रात्रीत परका. कोजोचा गुडघा दुखावला, आणि ज्यांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवले होते त्यांनीच त्याच्या परतीची भाषा सुरू केली. त्या क्लबात मालिश करणारा आमच्या गावचा बापू मग त्याला आपल्या घरी घेऊन आला. खाऱ्या पाण्याने पाय सुधारेल असा त्याचा विश्वास होता. मुदत महिन्याची होती. महिनाअखेरीस आमच्या गावच्या स्पर्धेचा अंतिम सामना पाहायला क्लबाचे मॅनेजर येणार होते. त्या दिवशी आमच्या संघातून खेळताना पाय चालला तर कोजो राहणार, नाहीतर घरी जाणार.

तो फारसे बोलत नसे. त्याचे मौन मात्र दीनवाणे नव्हते. भरतीला पाठ देऊन उभ्या असलेल्या खडकाचे होते. तिठ्यावरची माणसे वळून वळून बघत, पोरी हसत, कोणी काहीबाही पुटपुटत. तो मान ताठ ठेवून सरळ चालत जाई. एकदाच मी त्याला विरघळलेला पाहिला. सकाळी रापण लागली होती. समुद्रात अर्धवर्तुळ टाकलेले ते अजस्र जाळे गावकरी दोन्ही बाजूंच्या दोऱ्या धरून किनाऱ्याकडे ओढत होते. कोजो थबकला. कोणी बोलावले नाही, कोणी शिकवले नाही, तरी तो दोरीला जाऊन भिडला, टाच वाळूत रोवली आणि आपल्या भाषेतले काहीतरी खर्जात गाऊ लागला. त्याच्या किनाऱ्यावरही जाळे असेच ओढतात, हे बापूने मला नंतर सांगितले. चौथ्या-पाचव्या ओढीला आमची माणसे त्याच्या तालावर पावले टाकू लागली होती. जाळे वर आल्यावर तांडेल भिकूआबांनी, म्हणजे रापणीच्या म्होरक्यांनी, मासळीचे वाटे घातले. त्यात एक कोजोच्या पायाशी ठेवला. त्याने तो दोन्ही हातांनी उचलला, आणि त्याचे डोळे भरून आले.

सामन्याच्या दिवशी घोडे अडले ते माझ्यामुळे. मी शाळामास्तर, गावच्या संघाचा गोलरक्षक आणि वर स्पर्धेचा चिटणीस. आदल्या वर्षी शेजारच्या गावाने बाहेरचे खेळाडू आणून आम्हांला धूळ चारली होती, म्हणून प्रत्येक खेळाडू आपापल्या गावचाच असावा असा नियम मीच सुवाच्य अक्षरात लिहिला होता. तोच कागद आता अंतिम सामन्यात समोर आलेल्या त्याच शेजाऱ्यांनी माझ्या नाकासमोर धरला. मॅनेजर खुर्चीवर बसून घड्याळाकडे बघत होते. कोजो रेषेबाहेर उभा होता, फडके घट्ट बांधून. आणि मी, त्याच्याबरोबर महिनाभर वाळू तुडवलेला मी, नियम म्हणजे नियम असे पुटपुटलो. त्या पुटपुटण्याची लाज मला अजून वाटते.

तेवढ्यात भिकूआबा गर्दीतून पुढे आले. वय झालेले, कंबरेला पंचा, आवाज मात्र वाऱ्यावर मात करणारा.

"रापणीक ज्येना हात लावल्यान, त्येका वाटो. ज्येका वाटो, तो गावचो. आता ह्यो कागद माका कित्याक दाखवतास, मास्तरानू?"

रापणीचा कायदा माझ्या कागदाहून जुना होता, आणि शेजारच्या गावातही तोच चालत होता. मी कागदाची घडी करून खिशात घातली.

कापणी झालेल्या मळ्यात, भाताच्या खुंटांवर, कोजो खेळला. पलीकडचे प्रेक्षक त्याच्या रंगावरून हेल काढून ओरडत होते. त्याने एकदाही तिकडे पाहिले नाही. उन्हे कलताना उजवीकडून चेंडू आला. दुखऱ्या पायाने कोणी मारत नाही. त्याने त्याच पायाने मारला. जाळे फुगले. कोजो नाचला नाही. गुडघ्याचे निळे फडके सोडून त्याने ते गोलच्या खांबाला बांधले आणि लंगडत थेट मॅनेजरांसमोर जाऊन उभा राहिला. महिनाभरात आमच्याकडून उचललेल्या मोजक्या शब्दांतले दोनच तो बोलला.

"पाय आसा." पाय आहे, एवढेच.

पुढे दोन हंगाम त्याने क्लबासाठी गोल केले. मग तो मायदेशी गेला आणि पुन्हा काही कळले नाही. भिकूआबा मात्र रापण आली की एक वाटा जास्तीचा घालीत. गेला तो गेला, आता कशाला, असे मी एकदा म्हणालो. त्यांनी वर न बघताच सांगितले, "तो येतलो आणि माझो वाटो खंय आसा म्हणान विचारतलो. तेवा मी काय सांगू?"

आबाही आता नाहीत. या मार्गशीर्षात बऱ्याच दिवसांनी रापण लागली, आणि वाटे घालायला मी वाकलो. हात आपोआप एक ढीग जास्तीचा घालून गेले. काळ माणसांना खुशाल घेऊन जावो. त्यांचा वाटा वाळूवर ठेवणारा एक हात शिल्लक आहे तोवर त्यांना परके म्हणण्याचा अधिकार काळालाही नाही.