धोंडुबाईच्या कट्ट्यावरचं शूटिंग

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर धोंडुबाई तीस वर्षं म्हैस पिळत होती. गिऱ्हाईक समोर उभं राहायचं, ती पेल्यात धार काढायची आणि फेसाळ दूध तिथंच प्यायलं जायचं. म्हणून मुंबईहून आलेल्या मोना नावाच्या दिग्दर्शिकेनं सिनेमासाठी तिलाच निवडलं, म्हशीसकट.

शूटिंगच्या सकाळी धोंडुबाई बघतच राहिली. गिऱ्हाइकं म्हणून उभ्या केलेल्या दहाही जणांच्या डोक्याला गुलाबी फेटे आणि ओठांवर चिकटवलेल्या मिशा.

"दूध प्यायला फेटा बांधून कोण येतंय, बाई?"

"त्याशिवाय कोल्हापूर वाटत नाही, मावशी," मोना म्हणाली. "हिरो पेला तोंडाला लावतो, तेवढ्यात गुंड येतात. त्यांना तुम्ही कचकचीत शिवी घालायची. एकदम रांगडी!"

धोंडुबाईनं कास धुतली. इशारा झाला. फेटेवाले एका सुरात ओरडले, गुंडांनी काठ्या आपटल्या आणि चंद्री म्हशीनं पान्हा चोरला. थेंब निघेना. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तिनं लाथ झाडली, बादली कॅमेऱ्यापर्यंत गेली.

मोनानं घड्याळ बघितलं. "मावशी, काहीतरी करा. हिरोला दुपारी विमान गाठायचंय."

"करते की. पर मी सांगीन तसं. वरडायचं न्हाय. ते फेटे उतरा आन् काठ्या लांब ठेवा. जनावर बिचकतंय."

दुसरा इलाज नव्हता. सगळं शांत झालं. धोंडुबाई चंद्रीच्या पाठीवर हात फिरवत हळू आवाजात बोलत राहिली. थोड्या वेळानं पेल्यात धार वाजली. मोनानं खुणेनंच कॅमेरा चालू करायला लावला.

हिरोनं पेल्याला हात घातला, तशी धोंडुबाई सवयीनं म्हणाली, "पावणं, न्याहारी झाली न्हवं? उपाशीपोटी समदं पिऊ नगा, मळमळंल."

हिरो आपलं वाक्यच विसरला. "न्हाई झाली, मावशी."

"मग अर्धाच घ्या. फुडं गौसभाईच्या गाड्यावर पोहे खावा, माझं नाव सांगा."

मोनानं कट म्हटलंच नाही.

सिनेमा लागला तेव्हा मारामारी भलत्याच चौकात होती. कट्टा मात्र जसाच्या तसा होता. थिएटरात रोजची गिऱ्हाइकं शिट्ट्या मारत होती.

"शिवी दिली न्हाईस व्हय?" शेजारच्या आक्कानं विचारलं.

"येती की मला," धोंडुबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "पर गुंड कुठं आलं तिथं? दारात आलेल्या गिऱ्हाइकाला कशापायी दिऊ?"