आईचा पाचवा चमचा

आईचा हात कापायला लागला आणि तिनं चारचौघांत जेवणं सोडलं. "सांडतं रे, लाज वाटते," एवढंच म्हणाली. लेकाचं काम छोट्या यंत्रांच्या पोटातला मेंदू घडवण्याचं. त्यानं मनाशी घेतलं, दांडा कितीही हलला तरी पुढचा भाग स्थिर राहील असा चमचा करायचा. आईनं एकदा तरी आपल्या हातानं पोटभर सूप प्यावं, बस्स.

अशी वस्तू एका दमात होत नाही. कच्ची करायची, वापरणाऱ्याच्या हाती द्यायची, चुकलं ते सुधारून पुन्हा द्यायची. पहिल्या चमच्यानं सूप भिंतीवर उडवलं. आई डोळ्यांत पाणी येईतो हसली.

"देवानं माणूस एकाच फेरीत केला, म्हणून बघ किती खोड्या राहिल्या. तू कर बाबा सावकाश."

दुसरा फार जड झाला. तिसऱ्यानं निम्मं सूप तोंडापर्यंत पोचवलं. चौथ्याचा प्रोग्राम नेमका जमला, पण तारा लोंबत होत्या, दांड्याला चिकटपट्टी गुंडाळलेली.

"आजच दे," ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा ढापण्या मित्र म्हणाला. "चालतोय ना?"

"आईच्या हातात हे भंगार देऊ?"

"अरे शहाण्या, तिला तो मिरवायचाय का? भूक लागलीय तिला."

लेकाचं मन धजेना. त्यानं नवा सर्किट बोर्ड बाहेर करायला टाकला, दांडा घासून गुळगुळीत केला. बोर्ड यायला फार उशीर झाला. दुखणं कुठलं थांबायला!

देखणा पाचवा चमचा घेऊन तो खाटेशी बसला, तेव्हा आईची बोटं मिटतच नव्हती. त्यानं ती दांड्याभोवती वळवली, सुटली. पुन्हा वळवली. चमचा चादरीवर पडला आणि तिथंही मोटार इमानेइतबारे गुणगुणत राहिली.

"छान झालाय रे," आई अडखळत म्हणाली. "किती गुळगुळीत."

"आई, पुढच्या फेरीत मनगटाला बांधता येईल असा करतो..."

"आता तूच भरव. सूप निवतंय."

तिनं हात जोडून पाहिले, जमलं नाही. मनातच देवाचं नाव घेऊन तिनं तोंड उघडलं. लेकानं तोच चमचा उचलून भरवायला घेतलं; हुंदक्यांनी त्याचा हात गदगदा हलत होता. चमच्यातला एक थेंबही सांडला नाही, आणि तेच त्याला सोसेना.