दोन कुलपांची पेटी

मी एक जुनी पत्र्याची औषधपेटी आहे. मित्रांनो, माझा पांढरा रंग आता उडाला आहे, पण झाकणावरची लाल फुली अजून ओळखू येते.

निजामाची राजवट संपवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शनला दोन वर्षं झाली होती, तेव्हा शहागंजातल्या फकिरा पत्रेवाल्यानं मला घडवलं. त्यानं माझ्या कडा इतक्या निगुतीनं दुमडल्या की आजवर एकाही लेकराचं बोट कापलं नाही. त्याचे उपकार मी कशी विसरू?

मी एका शाळेच्या कोठीत राहत असे. मे महिन्यात कडुलिंबाच्या सावलीत मुलांचं शिबिर भरे, तेव्हा मला बाहेर काढत. औषधांचा कारभार द्वारकाबाईंकडे होता. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या त्या नर्स. मुलाचं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि पाकिटातच आलं पाहिजे, ते माझ्यातच राहील आणि त्याच देतील, असा त्यांचा नियम होता.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा दुसरा उन्हाळा. पाचोडहून म्हाळसाबाई आपल्या साळूला घेऊन आल्या. त्यांनी कमरेची चंची उघडली. आत सुट्या पांढऱ्या गोळ्या होत्या.

“कशाच्या या?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“ताकदीच्या हायत. पोरगी लई अशक्त हाय.”

“पाकीट कुठंय? चिठ्ठी?”

“ताकदीला कशाची चिठ्ठी, बाई!”

द्वारकाबाईंनी माझं झाकण खाडकन लावलं. पण शिबिरप्रमुख तात्यासाहेब मऊ मनाचे. ते हसत म्हणाले, “द्वारकाबाई, एवढी कोर्टकचेरी कशाला? राहू द्या पोरीच्याच पिशवीत.”

तिथंच चुकलं.

तिसऱ्या दिवशी कबड्डीचा सामना होता. साळूच्या गटातल्या पोरींना पिशवीतल्या ‘ताकदी’ची खबर लागली. चौघींनी एकेक गोळी गिळली. घटकाभरानं आशा नावाची धिप्पाड पोरगी भर मैदानात गुडघ्यांवर बसली आणि तिथंच झोपली. मग दुसरी पेंगू लागली. तात्यासाहेबांनी डॉक्टरांना आणायला माणूस पळवला.

द्वारकाबाईंनी साळूला माझ्याजवळ बसवलं. “खरं सांग, माय. डॉक्टर येतायत. त्यांना काय सांगू?”

साळू हुंदके देत म्हणाली, “मला फिट येती. आई म्हनली, कुनाला कळलं तर तुला सून करून घ्यायचं नाय कुनी. आता मला घरी धाडतेल का?”

“घरी कशाला? गोळ्या माझ्याकडं, तू कबड्डीत. पण या गोळ्या चुकल्या तर तुला फिट येईल, अन् दुसरीनं खाल्ल्या तर तिला धोका. कळलं?”

डॉक्टर आले. संध्याकाळपर्यंत चौघी शुद्धीवर येऊन भाकरी मागू लागल्या, तेव्हा माझाही जीव पत्र्यात पडला. दुसऱ्या दिवशी म्हाळसाबाई पाकीट आणि चिठ्ठी घेऊन आल्या. त्या मान वर करीनात. द्वारकाबाईंनी चिठ्ठीची घडी घातली आणि माझ्या तळाशी ठेवली. “इथून बाहेर जाणार नाही,” एवढंच त्या बोलल्या.

तात्यासाहेबांनी मला दुसरं कुलूप बसवलं. “माझाच हात ढिला पडला,” ते म्हणाले. तेव्हापासून एक किल्ली त्यांच्याकडे, एक बाईंकडे. एकानं नाव आणि मात्रा वाचायची, दुसऱ्यानं लेकराचा चेहरा आणि गोळी बघायची, मगच पाण्याचा पेला पुढे. साळूची एकही गोळी चुकली नाही आणि तिचं गुपितही माझ्या पोटातून फुटलं नाही.

पुढे प्लॅस्टिकचे डबे आले. माझ्यात खडूचे तुकडे आणि सुतळी भरली गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

गेल्या उन्हाळ्यात एक पिकल्या केसांची बाई नातीला घेऊन शिबिरात आली. कोठीच्या दारात मी दिसले आणि ती थबकली. तिनं माझ्या दोन्ही कड्यांवरून बोट फिरवलं. मग सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात म्हणाली, “हिला दमा आहे. हे पाकीट, ही चिठ्ठी. लिहून घ्या. आणि लाजू नका कुणी. मला फिट यायच्या, याच पेटीनं सांभाळलं मला.”

मित्रांनो, मैत्रिणीची गोळी कधी खाऊ नका, आपली कुणाला देऊ नका आणि दुखणं लपवू नका. जी गोष्ट पन्नास वर्षांपूर्वी मी दोन कुलपांआड जपली, ती साळूनं त्या दिवशी लिंबाखाली मोकळी केली. माझं पोट हलकं झालं. आता त्यात खडू असले तरी चालतील.