तहकूब सभा

दोन मिनिटांचं मौन सुरू झालं, तेव्हा मान खाली घालायची सोडून रुपालीने माणसं मोजली. एकशे बारा. ग्रामसभेला शंभर लागतात. आबांना जाऊन पंधरा दिवस झाले होते, त्यांच्याच नावाने गाव उभं होतं आणि त्यांची लेक डोकी मोजत होती.

गावाचं गायरान, दोनशे एकर माळ, एका सौरऊर्जा कंपनीला द्यायचं घाटत होतं. गावाच्या विरोधाचा ठराव उद्या संध्याकाळपर्यंत सांगोल्याला तहसील कचेरीत पोचला नाही, तर माळाला कुंपण पडणार होतं. मग मेंढरं चारायला दुसरी जागाच उरणार नव्हती. रुपाली, सिद्धराम आणि त्यांच्या वयाच्या पाच-सहा जणांनी चार महिने वस्त्या पालथ्या घालून ही सभा जमवली होती. ज्ञानबाआबा त्यांच्यापुढे चालायचे. पोरांना उंबऱ्याबाहेर उभं करणारी घरं आबांना पाहून घोंगडं टाकायची.

श्रद्धांजलीचं सिद्धरामनेच सुचवलं होतं. सरपंचांना सांगून त्याने तो विषय पहिला घालून घेतला. रुपालीलाही बरं वाटलं होतं. जन्मभर मेंढरांमागे हिंडलेल्या माणसाचं नाव पंचायतीच्या वहीत येणार होतं.

मौन संपलं. सरपंच आबांविषयी चांगलं बोलले. त्यात खोटं काहीच नव्हतं. मग रुमालाने तोंड पुसून म्हणाले, की अशा माणसाच्या मागे लगेच दुसरे विषय काढणं बरं दिसत नाही. तेव्हा ज्ञानबांना मान म्हणून आजची सभा तहकूब.

ग्रामसेवकाने पेनाला टोपण लावलं. सिद्धराम जागच्या जागी उभा राहिला.

भांडण झालं असतं तर भांडता आलं असतं. लोक रीतीप्रमाणे निघाले. एकेक जण रुपालीपुढे हात जोडत होता, कोणी डोक्यावर हात ठेवत होता, आणि दाराबाहेर पडत होता. शेजारची बजाबाई आली तेव्हा रुपालीने तिचा हात धरून ठेवला.

"बजाबाई, बसा की जरा. ठराव राहिलाय."

"आगं, दुखवट्यावर कसला ठराव? सांजच्याला भाकरी घिऊन येते की घरी."

रुपाली टेबलापाशी गेली. "आमच्या आबांना श्रद्धांजली नको," ती म्हणाली. "माघारी घ्या. सभा चालू करा."

दारातले लोक थांबले. बायकांत तिची आई, म्हाळसाबाई, बसली होती. नवऱ्याचं नाव माइकवरून ऐकून पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा जरा सैल झाला होता. ती उठली आणि लेकीकडे न बघता बाहेर गेली. तिच्यामागे बायका गेल्या.

"बघा," सरपंच म्हणाले, "आमी मान देतोय आन् लेक काढून घेतीय." मग ग्रामसेवकाला त्यांनी मोजायला सांगितलं. एकसष्ट भरले.

बाहेर कट्ट्यावर सिद्धराम म्हणाला, की घरोघर सह्या घेऊन निवेदन तरी देऊ. ठरावापुढे निवेदनाला किंमत नसते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"माझ्यामुळं झालं," तो म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली. "मीबी नको म्हणले न्हाय."

पहिलं दार तिने स्वतःच्याच घराचं गाठलं. म्हाळसाबाई न पेटवलेल्या चुलीपुढे बसली होती. रुपालीने कागद पुढे केला आणि शाईची डबी उघडली.

"आंगठा दिते," आई म्हणाली. "पन बाप मेल्याचं तू रडनार कवा हायस?"

रुपालीने तिचा अंगठा शाईत दाबून कागदावर टेकवला. ठसा फिसकटला. तिने शेजारीच दुसरा घेतला, तो जरा बरा आला.

"उद्या सांजच्यानंतर, आई," ती म्हणाली, आणि बजाबाईच्या दाराकडे निघाली.