परसरामचं जनावर

देवकाबाईनं बोट जिभेवर ओलं केलं आणि चित्रावर घासलं. काळा रंग निघाला नाही. मग तिनं पान उजेडात धरलं, कोणी वरून चिकटवलंय का ते नखानं खरवडून पाहिलं.

“फाटंल ना, माय! शाळेचं पुस्तक हाय,” प्रेमिला रडकुंडीला आली.

“कोनं देलं तुले हे? परसरामनं ना? खरं सांग.”

“गुरुजीनं देलं वं. साऱ्या वर्गाले देलं.”

चित्रात एक जनावर होतं. अंग डुकराचं, नाकाची आखूड लोंबती सोंड, पुढून-मागून काळंभोर आणि मधे धोतर गुंडाळल्यासारखं पांढरं. प्रेमिलानं खालची ओळ वाचून दाखवली होती. टापीर, मलायाच्या रानात राहतो.

हेच ते जनावर! स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी परसराम मलायातल्या लढाईवरून एकटाच दवनीवाड्याला परतला, तेव्हा त्यानं पारावर बसून सांगितलं होतं की, देवकाबाईचा नवरा गोवर्धन तिकडच्या रानात तापानं गेला. पावसात लाकडं पेटेनात, म्हणून परसरामनं त्याला स्वतःच्या हातांनी पुरला. आणि त्याच दिवशी सकाळी ओढ्यावर असं असं जनावर दिसलं, गोवर्धन तापातही हसला.

गाव पोट धरून हसलं. सगळ्यात मोठ्यानं देवकाबाई हसली. जनावराची थाप मारणारा माणूस मरणाचीही थापच मारणार, हे तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. आपल्या माणसाला कोणी पुरतं काय? गोवर्धननं तिकडे दुसरी बायको केली असणार आणि हा दोस्त त्याचं पाप झाकून राहिला! तेव्हापासून ती ठसठशीत कुंकू लावून भाताच्या बांधीत उतरायची आणि रोवणी करता करता नवऱ्याला शिव्या घालायची. येऊ दे एकदा, दारातच झाडू हाणते त्याला! शिव्या घालायला माणूस जिवंत लागतो, आणि तिला तो जिवंतच हवा होता.

पुस्तक पदराखाली घेऊन ती तडक शाळेत गेली. शालीकराम गुरुजी दाराला कुलूप लावत होते.

“गुरुजी, असंच दुसरं पुस्तक हाय काय? कोनाचा हात न लागलेलं?”

गुरुजींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि कपाटातून एक न सोडलेला गठ्ठा काढला. सुतळी देवकाबाईनंच दातानं तोडली. अगदी मधलं पुस्तक ओढून काढलं. तेच पान निघालं, तेच जनावर. या खेपेला तिला त्याच्या पायाशी उभं पिल्लूही दिसलं. परसराम पिल्लाचंही काही बोलला होता, पण हसण्याच्या गलक्यात ते कोणी ऐकलंच नव्हतं.

“बरं वाटत नाही काय, देवकाबाई?” गुरुजींनी विचारलं.

ती तोवर रस्त्याला लागली होती.

परसराम अंगणात दोर वळत बसला होता. इतक्या वर्षांत तिनं या अंगणात पाय ठेवला नव्हता. तिला पाहून तो दचकून उठला.

“त्या जनावराचं पिल्लू कसं होतं?” तिनं उभ्या उभ्याच विचारलं. त्यानं काहीतरी भलतंच सांगावं म्हणून तिचा जीव तळमळत होता.

“आता कायले, वयनी? पुन्हा हसाचं हाय काय?”

“सांगा तुमी.”

“टरबुजावानी होतं. अंगभर पट्टे. गोवर्धन म्हने, घरी गेलो का पोरीले सांगीन.”

चित्रातलं पिल्लूही तसंच पट्ट्यापट्ट्यांचं होतं. देवकाबाई तिथंच मातीत बसली. नेहमीची शिवी ओठावर आली, पण ती आता कोणाला द्यावी ते तिला कळेना. डोळे नुसते वाहू लागले.

“बाकीचंही सांगा, भाऊजी,” ती म्हणाली. “कुठं पुरलं, कसं पुरलं, सारं सांगा. मी नाही हसत.”

मागून प्रेमिला धापा टाकत आली.

“माहं पुस्तक दे, माय. थे जनावर खरंच असते काय वं?”

देवकाबाईनं पदराखालून पुस्तक काढलं. आपणच चुरगाळलेलं पान मांडीवर ठेवून तळहातानं सारखं केलं.

“असते,” ती म्हणाली. “बस इथं. तुह्या बापानं पाह्यलं होतं थे.”