बाटलीला आलेला ताप

“गुरुजी, ज्याला ताप आलेलाच नाही अशा माणसाने फुंकलं तर काय होतं?”

प्रश्न मृणालने विचारला, पण पैज तिच्या मैत्रिणींची होती. सिया आणि स्वराली तिच्या दोन्ही बाजूंना बसून गेली दहा मिनिटं तिला कोपरं मारत होत्या. “दम असेल तर उठून विचार,” सिया म्हणाली आणि मृणाल उठली. उभं राहून मोठ्याने बोललं की लोक ऐकतात, हा शोध तिला नुकताच, पंधराव्या वर्षी, शाळेच्या डिबेटमध्ये लागला होता. तेव्हापासून ती मिळेल तिथे उभी राहत होती.

हॉलमधल्या साठ-सत्तर माना मागे वळल्या.

ब्रिस्टलमधली निम्मी मराठी मंडळी त्या रविवारी चर्चच्या मागच्या भाड्याच्या हॉलमध्ये दाटीवाटीने बसली होती. उरलेली निम्मी घरी अंथरुणात होती. दिवाळी फराळाला कुणीतरी चकलीबरोबर फ्लूही आणला होता, आणि पंधरा दिवसांत तो घरोघर डबे पोचवावेत तसा पोचला होता. सकाळी आठला सर्जरीला, म्हणजे इथल्या दवाखान्याला, फोन लावायचा, रांगेत एकतिसावं व्हायचं, आणि शेवटी ऐकायला काय मिळायचं? पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, झोपून राहा. आमच्या लोकांना हे झेपत नाही. इंजेक्शन नाही, कडू औषध नाही, साधी रंगीत गोळीसुद्धा नाही. मग तो डॉक्टर कसला? “इथले डॉक्टर काही करतच नाहीत,” असं प्रत्येक घरात म्हटलं गेलं, आणि जो काहीतरी ‘करतो’ त्याला लंडनजवळच्या इल्फर्डहून बोलावणं गेलं.

तो म्हणजे श्वासगुरू पुरुषोत्तम. लिननचा कुडता, गालाला चिकटलेला माइक, समोर पांढऱ्या चादरीचं टेबल आणि त्यावर काचेचे पेले.

“ज्वर हा पाहुणा आहे,” गुरू सांगत होते. “पाहुण्याला गोळ्या घालतात का? वाट दाखवतात. हे जल हिमालयातल्या एका निनावी कुंडातलं आहे. यात श्वास सोडा. ज्वर स्वतः उतरून तुमच्या डोळ्यांसमोर येईल.”

विमानात शंभर मिलीची बाटली नेताना नाकी नऊ येतात. तिथे हिमालयातून पाच-पाच लिटरचे कॅन कसे आले, हे दर महिन्याला प्रवास करणाऱ्या त्या मंडळींपैकी एकानेही विचारलं नाही.

आणि चमत्कार तर होत होता. माणूस पुढे यायचा, पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात स्ट्रॉने मिनिटभर फुंकायचा, आणि पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. “उतरला,” गुरू म्हणायचे. मग मंत्र, मग दुसरा पेला. त्यात फुंकलं तर पाणी काचेसारखं स्वच्छ राहायचं. “गेला.” हॉल हात जोडायचा. शेवटी पथ्य: सात दिवस बाहेरचं औषध नाही. गोळी नाही, स्प्रे नाही, पंप नाही. औषधाने वाट अडते.

पाचच मिनिटांपूर्वी मृणालचा सात वर्षांचा भाऊ कुश तिथे फुंकून आला होता. त्याला फ्लू होता, आणि दमा तर जन्मापासून. त्याचे दोन पंप होते, रोजचा तपकिरी आणि धाप लागल्यावरचा निळा. पथ्य ऐकून आईने दोन्ही पंप पर्समध्ये टाकून चेन ओढली होती. चेन ओढल्याचा आवाज मृणालने ऐकला होता.

“छान प्रश्न आहे, बाळ,” गुरू हसले. “ये. तूच फुंक.”

मृणालने फुंकलं. पाणी पांढरं झालं.

हॉलमध्ये हळहळ उमटली. गुरूंनी डोळे मिटून मान हलवली. “सुप्त ज्वर. बाहेर दिसत नाही, आत धुमसतो. चिडचिड होते का हिची?”

“खूप,” आई कळवळून म्हणाली.

“उलट बोलते?”

“हल्ली फारच,” बाबा म्हणाले.

झालं. आता मृणालने तोंड उघडलं की तो आजार ठरणार होता. तिला दुसरा पेलाही मिळाला नाही. तिचा ज्वर जुनाट, तिला बुधवारच्या विशेष सत्राला आणा, असं फर्मान निघालं. जागेवर परतताना तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या, आणि तो ताप मात्र खरा होता.

मागच्या भिंतीशी शेजारच्या सुखदेवकाकांच्या आई विमलाबाई बसल्या होत्या. नागपूरकडच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून आता मुलाकडे राहायला आलेल्या. “पोरी,” त्या म्हणाल्या, “प्रश्न बरोबर होता. उत्तर चुकलं म्हणून प्रश्न सोडायचा नसतो.”

“पण माझा चूक काय झाला आजी?”

“माझी चूक. आणि चूक काही झाली नाही. तुमच्या शाळेत प्रयोग करतात ना? मग जा, करून ये.”

सोमवारी मधल्या सुट्टीत मृणालने केमिस्ट्रीच्या बाईंना गाठलं आणि सगळं सांगितलं. बाई ऐकता ऐकताच उठल्या, कपाटातून एक बाटली काढली, पेलाभर ओतली आणि आधी तिच्या डोळ्यांवर गॉगल चढवला. मृणालने फुंकलं. पांढरं. सियाने फुंकलं. पांढरं. स्वरालीने तर हसत हसतच फुंकलं. पांढरं.

“लाइमवॉटर,” बाई म्हणाल्या. “तू हे सातवीत केलं होतंस. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, त्याने हे पांढरं होतं. कुणाच्याही. आणि गॉगल कशासाठी, तर हे डोळ्यांत उडालं तर डोळे भाजतात.”

कुशने गॉगल घातला नव्हता. खोकत खोकत, तोंड पेल्यावर वाकवून फुंकलं होतं त्याने. 

घरी आल्या आल्या तिने आईबाबांना समोर बसवलं. बाबा, शशिधर, विमानाच्या पंखांना कुठे तडा जाईल याचं गणित करत. आई, अनुराधा, बँकेत जोखमीचे अंदाज बांधे. दोघं मन लावून ऐकतील याची तिला खात्री होती.

“त्यांचं पाणी म्हणजे तू म्हणतेस तेच, हे कशावरून?” बाबा म्हणाले. “सॅम्पल आहे तुझ्याकडे?”

“बाबा, मला ताप नव्हता. तरी ते व्हाइट झालं.”

“सुप्त होता.”

“सुप्त म्हणजे काय? थर्मामीटरला दिसत नाही, मला जाणवत नाही, फक्त त्या माणसाला दिसतो?”

“मृणाल, आवाज खाली. बघ अनुराधा, हेच ते म्हणत होते.”

“कुशला पंप द्या. प्लीज. बाकी काय मानायचं ते माना.”

आईने पर्स जवळ ओढली. “सातच दिवस गं. दोन तर झाले. त्या जोशींचा ताप उतरला की नाही दुसऱ्याच दिवशी?”

“फ्लू आहे आई. तो उतरतोच.”

 आईच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. चार रात्री ती कुशच्या उशाशी बसून होती, आणि जो कोणी ‘मी करतो काहीतरी’ म्हणेल त्याला तिने हो म्हटलं असतं. मृणालला ते दिसत होतं, आणि म्हणूनच तिला त्या माणसाचा जास्त संताप आला. घाबरलेल्या बाईच्या हातून तिच्या लेकराचं औषध काढून घ्यायला काय अक्कल लागते?

बुधवारपर्यंत कुश दोन-दोन शब्दांत बोलायला लागला. “ताई... पाणी.” “ताई... टीव्ही.” श्वास घेताना त्याच्या बरगड्यांमध्ये खळगे पडत होते. आणि त्याला तसंच, कोटात गुंडाळून, विशेष सत्राला नेलं. गुरूंनी एकदा हात फिरवला की बरं वाटेल, म्हणून.

हॉल शिगोशीग भरला होता. मृणालचं नाव सगळ्यांत आधी पुकारलं गेलं; उलट बोलणारी मुलगी बरी झाली तर त्याहून मोठी जाहिरात कोणती? ती पुढे गेली. तिच्या दप्तरात दुकानातली सोडा वॉटरची मोठी बाटली होती. झाकणाला भोक पाडून त्यातून सियाच्या फिशटँकची नळी ओवली होती आणि ती चिमट्याने बंद केली होती.

“दोन पेले आहेत ना गुरुजी? मी आधी दुसऱ्यात फुंकू?”

“नाही बाळ. क्रम असतो.”

“पण ताप तर अजून माझ्यातच आहे. मग कुठल्याही पेल्यात उतरायला पाहिजे.”

गुरूंचा हात पेल्याकडे निघाला, पण तिने आधीच दुसऱ्या पेल्यातला स्ट्रॉ तोंडात धरला होता. एक मिनिट गेलं. दोन गेली. फुंकून फुंकून तिला चक्कर यायची वेळ आली. पाणी जसंच्या तसं स्वच्छ. पहिल्या रांगेत कुणीतरी खुर्ची पुढे सरकवली.

“हे साधं पाणी आहे,” मृणाल म्हणाली. “यात कोणीही फुंका, काहीच होत नाही. आता हा पहिला.” तिने बाटली टेबलावर ठेवली, नळीचं टोक पहिल्या पेल्यात सोडलं, चिमटा काढला आणि बाटली हलवली. बुडबुडे धावले. बघता बघता पेला ताकासारखा पांढराफटक झाला.

“बाटलीला ताप आलाय,” ती म्हणाली. “बहुतेक सुप्त असेल.”

मागून स्वरालीचं हसू फुटलं. पण गुरू कच्चे नव्हते. “तुझ्या हातातला ज्वर बाटलीत उतरला,” ते शांतपणे म्हणाले. “ही नकारात्मक ऊर्जा—”

“मुलांनो,” मागच्या भिंतीकडून आवाज आला.

विमलाबाई उभ्या राहिल्या होत्या. तो आवाज तीस वर्षं साठ-साठ पोरांच्या वर्गावर चाललेला होता, त्याला माइक लागत नव्हता. “रिकाम्या जागा भरा. कार्बन डायऑक्साइड वायू चुन्याच्या निवळीतून सोडल्यास निवळी...”

“दुधाळ होते,” हॉल म्हणाला.

सगळा हॉल. एका सुरात, एका दमात, कुणी विचार करायच्या आधी. पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे, कोडिंग करणारे, ऑडिट करणारे, पंखांची गणितं करणारे, सगळे. आपण काय म्हणालो ते मग त्यांच्या कानांवर पडलं, आणि हॉलमध्ये अशी शांतता पसरली की बाटलीतला सोडा फसफसताना ऐकू येत होता.

“एका मार्काला यायचं,” बाबा पुटपुटले. “मी कधी चुकलो नव्हतो.”

“घोकलंत, पण पाहिलं नव्हतंत,” विमलाबाई म्हणाल्या. “आमच्याही शाळेत एकच परीक्षानळी होती, ती कपाटात असायची. म्हणून कुणी डोळ्यांसमोर करून दाखवलं की तुम्ही हात जोडता.”

“आणि सात दिवसांचं पथ्य का, तेही सांगते,” मृणाल म्हणाली.  “बहुतेकांचा फ्लू सात दिवसांत जातो. काही न करता. डॉक्टर झोपा म्हणाले तेव्हा तुम्हाला राग आला, कारण त्यांनी तुम्हाला खरं सांगितलं. यांनी काय केलं? आपोआप जाणारा ताप आपल्या नावावर लावला. आणि जे आपोआप जात नाही, ज्याला औषध लागतंच, त्याचं औषध बंद केलं. माझा भाऊ तिथे बसलाय. बघा त्याच्याकडे. आता त्याला पेला देणार का तुम्ही, गुरुजी?”

गुरूंनी गालावरचा माइक काढला. “श्रद्धा नसेल तिथे मी थांबत नाही,” असं काहीसं म्हणत त्यांनी कॅन उचलले. जाणाऱ्याला कुणी अडवलं नाही. कारण त्याच वेळी आईच्या पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला होता.

घाईघाईत निळा पंप आईच्या हातून निसटला. मृणालने तो उचलून हलवला, पर्समधल्या प्लास्टिकच्या नळकांड्याला, स्पेसरला, लावला आणि कुशच्या तोंडाशी धरला. एक. श्वास घे. दोन. तिसऱ्यानंतर त्याचे खांदे जरा खाली आले. तोवर सुखदेवकाकांनी आपत्कालीन नंबर लावून फोन स्पीकरवर ठेवला होता. पलीकडच्या बाईने मोजकं विचारलं, पंप किती वेळा द्यायचा ते सांगितलं आणि म्हणाली, रुग्णवाहिका निघाली आहे, त्याला बसतं ठेवा.

हिरव्या कपड्यांतले दोघे आले, त्यांनी कुशच्या तोंडावर वाफेचा मास्क बसवला आणि आईला सोबत घेतलं. पण गाडीचं दार लागायच्या आधी बाबा आत डोकावले आणि मराठीत, हलक्या आवाजात म्हणाले, “अनुराधा, विचारलं तर सांग, पंप हरवला होता. घराचं शिफ्टिंग वगैरे. उगाच नोंद नको. आपला व्हिसा रिन्यूअलला आहे, सोशल सर्व्हिसेसवाले मुलांची चौकशी करायला आले तर...”

आईने मान हलवली. तिला काहीही सांगितलं असतं तरी तिने मान हलवली असती.

“बाबा, मी आईबरोबर जाते,” मृणाल म्हणाली आणि आत चढली. कुशचा हात तिने हातात घेतला. तो गार होता, पण पकड घट्ट होती. मग ती आईबाबांकडे बघून बोलली, शांतपणे, हॉलमध्ये बोलली होती त्याहून हळू.

“ऐका. तिथले डॉक्टर पहिली गोष्ट हीच विचारणार, की शेवटचा पंप कधी दिला. औषध किती द्यायचं हे ते त्यावरून ठरवणार. आपण खोटं बोललो तर त्यांनाही अंदाजानेच औषध द्यावं लागेल. म्हणून मी खरं सांगणार आहे. रविवारपासून बंद होता, कुणाच्या सांगण्यावरून बंद होता, आणि त्या माणसाचं नाव. आई, तू स्वतः खरं सांगितलंस तर मी गप्प बसेन. नाही सांगितलंस तर मी सांगणार.”