बिननावाची कात्रणं

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. जुनी खुशाल म्हणा. बोथट म्हणणार असाल तर आधी बोट पुढे करा.

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. लोहाराच्या भट्टीत तापले, घणाखाली गप्प राहिले आणि दोन पाती एका खिळ्यात अडकवून त्याने माझा संसार लावून दिला. तिथून थेट आले एका वर्तमानपत्राच्या कचेरीत. तेव्हा छापायचा मजकूर कागदाच्या लांब पट्ट्यांवर यायचा. त्या कापायच्या आणि पानावर चिकटवायच्या. भल्याभल्यांची भाषणं मी अर्ध्यावर तोडली आहेत. "कात्री कुठंय, कात्री कुठंय" करत सगळी कचेरी माझ्यामागे धावायची. मग संगणक आले आणि धावणाऱ्यांनीच मला गंजक्या टाचण्यांबरोबर खणात ढकललं. कामापुरता मामा, ताकापुरती आजी!

त्या खणातून मला बाहेर काढलं एका वार्ताहर बाईने. तिला सगळे ताई म्हणत. शहराबाहेर खडीच्या खाणी होत्या. तिथे दगड फोडणाऱ्या बायांच्या छातीत धूळ बसायची, खोकून खोकून त्या वाकायच्या. ताई त्यांच्यात जाऊन बसायची, केसांत ती धूळ घेऊन परत यायची आणि लिहायची. तिची मालिका वर्षभर चालली. छापून आलेली प्रत्येक बातमी ती माझ्याकडून कापून घ्यायची आणि फाइलीत लावायची. हात असा सरळ, की मला कधी कडा चावावी लागली नाही.

पण त्या एकाही बातमीवर तिचं नाव नव्हतं. वर छापलेलं असायचं, 'आमच्या प्रतिनिधीकडून'. त्या पेपरची रीतच तशी होती. नाव छापायचं ते फक्त संपादकांचं, तेही फोटोसकट.

एक दिवस ताईला फेलोशिपची खबर लागली. मला अडाणीला एवढंच कळलं, की विद्यापीठ कामावरच्या पत्रकारांना वर्षभर बोलावून घेतं, पोटापुरते पैसे देतं आणि म्हणतं, शिका. ताईला त्या धुळीचा अभ्यास करायचा होता, डॉक्टरांच्या सोबतीने. वयाची अट होती. हे तिचं शेवटचं वर्ष.

टेबलावरूनच तिने नवऱ्याला फोन लावला. "हो रे, वर्षभर. तोवर भाताला पाणी किती घालतात ते शिकून ठेव." कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं.

तिने अर्ज भरला, कात्रणांचे फोटो काढून पाठवले. आठवड्याभरात विद्यापीठातल्या बाईंचा फोन आला.

"मॅडम, लिखाण छान आहे, पण यात तुमचं नाव कुठंय?"

"ती प्रतिनिधी मीच आहे."

"असाल हो. पण संपादकांचं तसं पत्र लागेल. शुक्रवारपर्यंत."

ताई फाइल घेऊन संपादकांच्या खोलीत गेली. मी फाइलीच्या खिशातच होते. संपादकांनी कात्रणं उलटीपालटी केली आणि खुर्चीत रेलून म्हणाले, "ताई, अहो पेपर काय एकट्याचा असतो? उद्या शिपाई म्हणेल, टेबल मी पुसलं, माझंही नाव घाला!" स्वतःच्याच विनोदावर हसले. मग म्हणाले, "ठेवा इथं. बघतो."

तेव्हाच मला वाटलं, बाई, हलू नकोस. पत्र हातात पडल्याशिवाय उठू नकोस. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय मोडेल तर ना! "सवडीने बघा, सर," म्हणाली आणि गेली. सवडीने! घर पेटलंय आणि ही बंबाला म्हणते, सवडीने या.

फाइल तिथेच राहिली, म्हणून मीही राहिले. ती गेल्यावर संपादकांनी सगळी मालिका वाचून काढली. मग मालकांना फोन लावला. "साहेब, विद्यापीठात आपल्या पेपरचं नाव गेलं पाहिजे. खडीची मालिका माझीच कल्पना. तुम्ही एक पत्र द्या, वयात मी अजून बसतो." त्यांनी अर्जासाठी फोटो काढून आणले आणि मला खिशातून ओढून माझ्याच पात्यांनी ते कापले. मला काय करता येतं? धरणारा हात चालवील तसं तोंड चालवायचं. केसाने गळा कापणारे ऐकले होते, हा तर माझ्याच धारेने कापत होता.

ताई रोज दारात. "सर, पत्र?"

"अहो, डोक्यात आहे माझ्या."

डोक्यात होतंच. ते काही खोटं बोलले नाहीत. शुक्रवार आला आणि गेला.

पुढे निवड झाली. संपादकांची. आयत्या बिळावर नागोबा! त्यांनी ताईला बोलावून विद्यापीठाचं पत्रक हातात दिलं. "बातमी तुम्हीच करा. तुमच्यासारखं लिहायला जमतं कुणाला?"

ताईने उभ्याउभ्याच वाचलं. 'खडी कामगार महिलांच्या आजारांवरील मालिकेबद्दल.' तिने एकदा फाइलीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. ते जरा चुळबुळले. म्हणाले, "आणि हे बघा, या वेळी बातमीवर तुमचं नाव घालू. चांगलं ठळक."

"नको सर," ताई म्हणाली. "आमच्या प्रतिनिधीकडूनच राहू द्या. खाणीवरच्या पोरी पेपर वाचतात, त्या बायांना वाचूनही दाखवतात. त्यांना माझं नाव माहीत आहे. ते त्यांनी या बातमीवर बघायला नको."

तिने फाइल उचलली, मला उचललं आणि जागेवर येऊन बातमी लिहिली. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

मित्रांनो, कात्रीला तेल द्या, धार लावा, असं मी सांगायला हवं. ते माझं मी बघेन. तुमच्या हाताखाली कुणी राबत असेल तर त्याचं नाव त्याच्या कामावर त्याच दिवशी घाला. मागाहून घातलंत तर ती भीक होते, आणि मानी माणूस भीक घेत नाही. राबणारे तुम्ही असाल, तर मात्र ताईसारखं "सवडीने बघा" म्हणू नका.